जागा पक्की

घंटागाडी आली तेव्हा माझ्या डोक्यावर शेणाचं टोपलं होतं. नाहीतर मी पळत जाऊन नीट ऐकलं असतं, अन् पुढचं रामायण झालंच नसतं असं मला अजून वाटतं. पण कुणाला सांगावं? आमच्या गल्लीत ज्याला जेवढं ऐकू आलं तेवढंच खरं.

आमचं शेवाळगी देगलूरहून नायगावला जाताना रस्त्याला लागतं. परवापर्यंत ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत झाली. झाली म्हणजे काय झालं? चिखल तोच, डास तेच. फक्त कचरा न्यायला गाडी येते अन् तिच्या डोक्यावर भोंगा असतो. आधी गाणं वाजतं, मग एका शिकलेल्या बाईचा आवाज येतो. त्या दिवशी ती बाई म्हणाली, "दारापुढची जागा पक्की करणाऱ्या नागरिकांना..." अन् तेवढ्यात ड्रायव्हरनं घंटी बडवली. मग "सूट" असा एक शब्द आला, मग "विचार" आला, अन् गाडी मठाच्या वळणाला गेली.

"एनु? काय म्हणली गं ती?" आत्याबाईंनी ओट्यावरून विचारलं.

आत्याबाई म्हणजे माझी सासू, गुरम्मा. माहेर बिदरकडचं. दचकल्या की पहिला शब्द कानडी निघतो.

"जागा पक्की करा म्हणली."

"कुणाची जागा?"

"काय की."

समोरच्या दारात धाकटे मामा उभे होते, दात घासायचं थांबवून. धोंडप्पा त्यांचं नाव, माझे चुलत सासरे. तोंडातला फेस थुंकला अन् म्हणाले, "पक्की म्हणली न्हाई का गं, सिंधु? तू बी ऐकलं न्हवं?"

"पक्की म्हणली, मामा. पण पुढचं..."

"बास. पुढचं काय ऐकायचं!"

आता इथंच सगळा घोळ आहे. धाकट्या मामांचं अर्धं आयुष्य तहसीलच्या पायऱ्यांवर गेलं. गावठाणातल्या आमच्या दोन घरांची जागा नावावर व्हावी म्हणून ते साहेब बदलतील तसे हेलपाटे घालत राहिले. शेवटी एका तलाठ्यानं त्यांना सांगितलं, "जा, धोंडप्पा, जागा पक्की झाली तुमची." त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते. तेव्हापासून जागा पक्की होणं याचा त्यांना एकच अर्थ माहीत.

आमचं दार उगवतीला, त्यांचं मावळतीला अन् मधी अंगण. माझे सासरे अन् ते वेगळे झाले तेव्हा शेत वाटलं, बैल वाटले, हंडे-घागरी वाटल्या. अंगण तेवढं सामाईक ठेवलं, कारण रस्त्याला निघायचं तोंड एकच अन् तेही त्यांच्या दाराला लागून. बैलगाडी गेली अन् ट्रॅक्टर आला तरी तोंड तेच राहिलं. सासरे वारले, पण अंगणावरून कधी शब्दाला शब्द लागला नव्हता.

त्या अंगणात आमच्या बाजूला माझी बानू बांधलेली असायची. बानू म्हणजे म्हैस. माझ्या बापानं मला वगार, म्हणजे म्हशीची पारडी, दिली होती, तिची ही लेक. या घरात माझ्या नावानं म्हणाल तर एवढी एकच वस्तू. आटली होती, व्यायला टेकली होती. ती व्याली की माझे रतीब परत चालू होणार होते. डॉक्टरीणबाई अन् मठातले स्वामी रोज विचारायचे, "सिंधु, कधी गं?" घराच्या मागं नाली, दोन्ही अंगाला दुसऱ्यांच्या भिंती. अंगण गेलं तर बानूला उभं करायला वीतभर जागा नव्हती, अन् जागा नाही म्हणजे बाजार दाखवायचा. त्या सकाळी मला बाकी काही कळलं नव्हतं, पण एवढं लख्ख कळलं.

दुपारपर्यंत गल्लीत ज्याची त्याची वेगळी बातमी. कोण म्हणे फरशी घालील त्याला घरपट्टी माफ. कोण म्हणे माफ नाही, उलटी दुप्पट. कोण म्हणे नगरपंचायतीचा माणूस येऊन दारापुढचा फोटो काढणार. कोण म्हणे मातीचं अंगण ज्याचं दिसेल त्याची जागा नगरपंचायत काढून घेणार अन् तिथं हायमास्ट दिवा लावणार. पलीकडच्या सोनारानं तर त्याच दिवशी विटा आणून नालीवरच ओटा बांधायला घेतला. विचारलं तर म्हणाला, "समदे करून राहिलेत, मी कशाला मागं राहू?" तेव्हा अजून कुणीच काही केलेलं नव्हतं.

माझे मालक, संगमेश्वर, रानातून आले तेव्हा मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या सुद्धा दिला नाही. आधी म्हटलं, "जाऊन इचारून या."

"कुठं?"

"नगरपंचायतीत. त्या बाईला काय म्हणायचंय ते."

आमच्या मालकांचा स्वभाव असा, की कोणतीही गोष्ट दोन्हीकडून खरी वाटते. सोयाबीन काढावं का थांबावं, यात त्यांचा आठवडा जातो. बरं, त्या वर्षी भादव्यात पावसानं उघडीपच दिली नव्हती. शेंगा झाडावर काळ्या पडायला लागल्या होत्या. त्यातून हे निघालं. तरी बिचारे गेले. तिथं विनोद म्हणून पोरगेलासा क्लार्क आहे, हदगावचा. संध्याकाळी परत आले ते तोंड पाडूनच.

"काय म्हणला?"

"म्हणला, प्रस्ताव विचाराधीन हाय."

"एनु?" आत्याबाई पुढं सरकल्या. "कोण कुणाच्या आधीन?"

"विचाराच्या आधीन, अव्वा. म्हणजे त्यायचा विचार चालू हाय."

"मग हाव का न्हाई?"

मालकांनी डोकं खाजवलं. "हाव बी हाय अन् न्हाई बी हाय. रस्ता नवा केला न्हवं सिमेंटचा, त्याच्यावर ट्रॅक्टरच्या चाकानं अंगणातला चिखल येऊन राहिला. गाड्या घसरून राहिल्या. म्हणून दारापासून रस्त्यापस्तोर ज्यानं त्यानं पक्कं करावं, मग घरपट्टीत कायतरी सूट द्यावी, असा विचार हाय म्हणला."

"जागा कुणाच्या नावानं होणार, ते इचारलं का?" मी म्हटलं.

"इचारलं की. तो हसला."

"हसला म्हणजे?"

"आता काय सांगू तुला, हसला. हाव म्हणून हसला का न्हाई म्हणून, ते मला न्हाई समजलं."

मला इतका संताप आला की मी पोळी तव्यावरच करपवली. एवढा तालुक्याचा मोंढा-बाजार पालथा घालून येतात, अन् एका पोराच्या हसण्याचा अर्थ घेऊन येत नाहीत! पण खरं सांगायचं तर माझंही काही एक ठरत नव्हतं. भादव्यात आमचं अंगण म्हणजे घोट्याइतका रेंदा. घागर घेऊन येताना दोनदा मी कंबरेवर आपटले होते. सारवायला जावं तर वाळत नव्हतं. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, गुळगुळीत फरशी असावी, त्यावर सोयाबीन पसरावं, पोत्यात भरावं, एक दाणा मातीत जाऊ नये. सकाळी बानूकडं बघितलं की वाटायचं, मेली ती फरशी.

धाकट्या मामांना असलं काही वाटत नव्हतं. ट्रॅक्टर आला अन् अंगणाच्या मधोमध गिट्टी सांडून गेला.

आत्याबाईंनी पाहिलं. पूजा आटोपून कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले होते. तशाच उठल्या, काठी टेकत गेल्या अन् गिट्टीच्या ढिगावर जाऊन बसल्या. गिट्टी टोचत असणार, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"वैनी, उठा," धाकटे मामा म्हणाले.

"का उठू?"

"काम लावायचं हाय."

"लाव की. माझ्यावरून लाव."

"वैनी, मी आपल्या दोघांचंच बघून राहिलो. आज न्हाई केलं तर जागा जाईल नगरपंचायतीला. मला सगळं मालूम हाय तहसीलचं."

"अन् तू केलं तर कुणाला जाईल, धोंडू?"

धाकटे मामा पायानं गिट्टी सारायला लागले. आत्याबाई या घरात नवरी म्हणून आल्या तेव्हा धाकटे मामा नाक गळणारं पोर होते. सासू आजारी, म्हणून यांनीच त्यांना न्हाऊ घातलं, पाटी घेऊन शाळेत नेऊन सोडलं. आता त्यांच्याही मिशा पिकल्या, पण वैनीनं 'धोंडू' म्हटलं की ते पुन्हा तेच पोर होतात.

त्यांचं उत्तर मग उमाबाईंनी दिलं. माझ्या धाकट्या सासूबाई. दारातूनच म्हणाल्या, "अक्का, तुमाला म्हैस बांधायला फुकटची जागा पाहिजे, ते बोला की सरळ. बारा महिने शेणाचा वास आम्ही घ्यायचा, दूध मात्र गावाला."

"वास येत होता तर खरवस खाताना कुठं गेला होता?" मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

बास, मग काय. उमाबाईंनी माझं माहेर काढलं, मी त्यांची सून दोन महिन्यांत लातूरला का पळाली ते काढलं. मालक एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. शेवटी आत्याबाईच ढिगावरून उठल्या. लुगड्याला मागं गिट्टीची भुकटी लागली होती, ती झटकली नाही.

"घाल बाबा," म्हणाल्या. "तुझ्या दारापुरतं घाल."

दारापुरतं म्हणजे कुठवर, हे कुणीच विचारलं नाही. कामाला नरसिंग मिस्त्री आला, तेलंगणातला, मदनूरकडचा. त्यानं दोरी धरली ती धाकट्या मामांच्या उंबऱ्यापासून अंगणाच्या मध्यापर्यंत अन् पुढं रस्त्याच्या तोंडापर्यंत. म्हणजे अर्धं अंगण अन् सगळी वाट. मी मालकांकडं बघितलं. मालक दोरीकडं बघत होते.

"बोला की काहीतरी," मी हळूच म्हटलं.

"काय बोलू? मध्यापस्तोर हाय. त्याचा अर्धा हिस्सा बरोबर हाय."

"अन् वाट?"

"वाट..." ते म्हणाले, अन् विचारातच पडले.

नरसिंग माणूस चांगला. मला अम्मा म्हणायचा. काँक्रीट ओतून, पाटा मारून झाल्यावर त्यानं खराटा हातात घेतला. "रेघा मारतो सेठ. जनावर जाईल, पाऊस हाय, पाय धरेल."

"रेघा कशाला?" धाकटे मामा म्हणाले. "फोटो निघणार हाय. रेघा दिसल्या तर म्हणतील कच्चं काम. घोट चांगलं. चेहरा दिसला पाहिजे."

नरसिंगनं माझ्याकडं बघितलं, बानूकडं बघितलं, "लेदु अम्मा, न्हाई जमत, सेठ सांगतेत," म्हणाला अन् थापी घेऊन उकिडवा बसला. दुपारभर घोटत होता. खरंच चेहरा दिसेल असं झालं. उमाबाईंनी त्याच संध्याकाळी उंबऱ्याजवळ खडूनं रांगोळी काढून बघितली. मला वाईट वाटलं अन् हेवाही वाटला, दोन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कडेनं मातीच्या पाळी घालून फरशीवर पाणी साठवलं, मुरायला. आमची बाजू उताराची. पाळी फुटल्या की पाणी यायचं सरळ बानूच्या खुंट्यापाशी. आधीच रेंदा, त्यात हे. मी कडबा टाकायची, तो कुजायचा. तुराट्या टाकल्या, त्या रुतल्या. बानू गुडघ्याइतक्या चिखलात पोट सांभाळत उभी. बसायला कोरडं नाही म्हणून रात्रभर उभी राहायची, तिचे पाय सुजले. तळ्यावर न्यावी तर वाट फरशीवरनं. पहिल्या दिवशी मी तिला दाव्यानं ओढत तिथवर नेलं. तिनं एक खूर ठेवला, तो सरकला, अन् तिनं असं काही डोळे फिरवले की मी लगेच मागं घेतली.

"ने की," धाकटे मामा ओट्यावरून म्हणाले. "कोण नको म्हणतंय? वाट सगळ्यायचीच हाय."

असं बोलल्यावर भांडायचं तरी काय? मी घागरीनं पाणी आणायला लागले. म्हैस किती पाणी पिते हे ज्यानं डोक्यावरून वाहिलं त्यालाच ठाऊक. शेजारच्या बायका नळावर विचारायच्या, "काय सिंधु, म्हशीची मोलकरीण झालीस का?" मी हसायची अन् घरी येऊन आत्याबाईंवर खेकसायची. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा मालकांनी विषय काढला, की बानूला देगलूरच्या बाजारात... मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. पण रात्री माझ्या मनातही तेच आलं, अन् मी तोंडावर पदर ओढून रडले. माझ्या बापाची वस्तू, अन् माझ्या तोंडून तिचं नाव बाजारासाठी निघणार! कशामुळं? तर कुणीतरी कुठंतरी विचार करून राहिलंय म्हणून.

ती सरली दुपार होती. उन्हानं जरा तोंड दाखवलं म्हणून मालक रानात सोयाबीन उलथायला गेलेले. मी घरात ज्वारी पाखडत होते. बानू सकाळपासून उठबस करत होती, शेपटी उचलत होती. मला कळलं होतं, आज व्याणार. पोती कोरडी करून ठेवली होती. तेवढ्यात खुंटा उपटल्याचा आवाज आला. चिखल मऊ झालेला, खुंटा राहतो कशाचा? बाहेर आले तर बानू कोरड्या जागेच्या शोधात निघालेली, दावं अन् खुंटा मागं फरफटत. अन् बिनचिखलाची, उंच जागा अंगणात एकच होती.

"बानू! हो! हो! थांब गं माय!"

चार पाय फरशीवर गेले. वर पाण्याचा पातळ थर होता, त्याखाली शेवाळ धरलेलं. मागचे दोन पाय दोन बाजूंना गेले अन् ती पोटावर बसली. तसा आवाज मी पुन्हा ऐकू नये. आत वासरू, वर तेवढं अंग, अन् पाय फाकलेले. ती उठायला बघायची, खूर घसरायचे, पाय आणखी फाकायचे. जरा जास्त झालं की कंबर जाते, मग म्हैस कधीच उठत नाही. हे आमच्याकडं लेकराला सुद्धा माहीत असतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आत्याबाई काठी टाकून आल्या, बानूच्या तोंडाशी बसल्या अन् तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पोती सरकवायला लागले तिच्या पायाखाली. पोती ओल्या फरशीवरून माझ्यासकट सरकायची. नळावरच्या बायका आल्या, सोनार आला. कोण म्हणे शेपटी धरा, कोण म्हणे वासा घाला पोटाखाली, कोण म्हणे डॉक्टरला फोन लावा. सोनारानं फोन लावला तर तो भलत्याच माणसाला लागला.

धाकटे मामा दुपारची झोप सोडून बाहेर आले. उघडे, गळ्यात इष्टलिंग, धोतर सुटलेलं. आधी म्हशीकडं बघितलं, मग फरशीकडं. मला वाटलं, आता म्हणतील माझी फरशी. मी तयारच होते, जे तोंडाला येईल ते बोलायला.

आत्याबाईंनी वर बघितलं. "धोंडू," एवढंच म्हणाल्या.

ते आत गेले अन् पहार घेऊन आले.

"सरक गं सिंधु."

"मामा, काय..."

"सरक म्हणतो न्हवं!"

बानूच्या मागच्या पायापाशी उभे राहिले अन् दोन्ही हातांनी पहार उचलून फरशीवर घातली. ठण्ण झालं. नरसिंगचं काम, सहजी फुटतं काय? पुन्हा घातली, पुन्हा घातली. एक भेग गेली.

"अहो, काय करून राहिलात!" उमाबाई दारातून ओरडल्या. "फोटो राहिलाय अजून! जागा जाईल!"

"जाऊ दे!"

"अहो पण..."

"जाऊ दे म्हणलं न्हवं! पोती आण, उमे, उभी काय राहिलीस!"

खपली निघाली, खाली गिट्टी, गिट्टीखाली आमची काळी माती. त्यांनी हातानंच खपल्या उपसल्या, नखातून रक्त आलं. एका पायाखाली जागा झाली, मग दुसऱ्या बाजूला जाऊन पहार घालायला लागले. दम लागला होता, बरगड्या वरखाली होत होत्या. उमाबाई पोती घेऊन धावल्या, चूल सोडून राखेचं टोपलं घेऊन आल्या अन् सगळ्या ओल्या फरशीवर राख फेकली, आपल्या रांगोळीवर सुद्धा. मी अन् त्यांनी मिळून एक पाय आत ओढला, सोनारानं दुसरा. खुरांना माती लागली तसं बानूनं अंगात जीव गोळा केला. मागून अर्धी उठली, थरथरली, एक पाऊल त्या उकरलेल्या खड्ड्यात टाकलं अन् तिथंच कुशीवर बसली, नीट, पाय पोटाशी घेऊन.

"आली जागेवर," आत्याबाई म्हणाल्या अन् बोटानं आपल्या कपाळावरची विभूती तिच्या कपाळाला लावली.

दिवस मावळायच्या आत व्याली. वगार झाली. धाकट्या मामांनीच पाय धरून ओढली, नाकातलं साफ केलं. त्यांच्या अंगाला शेण, रक्त, सिमेंट, सगळं लागलेलं. मालक रानातून आले तेव्हा अंगणात एवढी माणसं, फुटलेली फरशी, मधी म्हैस, म्हशीपुढं ओलं रेडकू. त्यांना काय झालं तेच कळेना.

"कुणी फोडली?" त्यांनी विचारलं.

"मी," धाकटे मामा म्हणाले.

"कशापायी, काका? तुमचीच न्हवं का?"

"माझी होती का कुणाची होती, काय की," असं म्हणून ते न्हाणीत गेले. मी पाणी तापवून दिलं. त्यांच्या हाताला फोड आले होते, ते त्यांनी मला बघू दिले नाहीत.

बानू त्या खड्ड्यातच राहिली. वार पडली, पायाची सूज उतरायला लागली, पण तिला पुन्हा आमच्या चिखलात न्यायची माझी हिंमत झाली नाही. मालक अन् धाकटे मामा मिळून वाटेवर छिन्नीनं खाचा पाडायला बसले, म्हशीचा पाय धरावा म्हणून. नरसिंग खराट्यानं जे ओल्यावर फुकटात करणार होता ते यांनी वाळल्यावर घाम गाळून केलं. उमाबाईंना मी खरवसाचं पातेलं दिलं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला अन् म्हणाल्या, "आता येतोय बाई वास." दोघी हसलो. सुनेचं मी बोलायला नको होतं, असं मी म्हणणार होते, पण त्यांनी पातेलं आत नेलं.

मग एका सकाळी विनोद आला, तो नगरपंचायतीचा क्लार्क. पायात पांढरे बूट, हातात मोबाईल. घरोघरी फिरून दारापुढचे फोटो काढत होता. गल्लीतल्या लोकांनी नालीवर, रस्त्यावर, जिथं जमेल तिथं सिमेंट ओतून ठेवलेलं, ते बघून आधीच त्याचं डोकं फिरलेलं दिसत होतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला करायला?" तो सगळ्यांना विचारत होता. "अजून विचार चालू आहे. ठराव व्हायचाय. होईल की नाही तेही माहीत नाही."

"मग फोटो कशाला काढून राहिलात?" मी विचारलं.

"विचार करायला."

त्यानं आमच्या अंगणात पाऊल टाकलं अन् थांबला. अर्धी फरशी, अर्धा चिखल, फरशीच्या मधी खड्डा, खड्ड्यात म्हैस, वगार लुचतेय. वाटेवर खाचा, खाचांत शेण. त्यानं मोबाईल वर केला, खाली केला.

"हे पक्कं म्हणायचं की कच्चं?"

मालक म्हणाले, "हाव बी अन् न्हाई बी."

"बरं, जागा कुणाची आहे? नाव काय टाकू? संगमेश्वर का धोंडप्पा?"

मालकांनी धाकट्या मामांकडं बघितलं. धाकट्या मामांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं ज्या सवालासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, तो सवाल आज सरकार दारात येऊन विचारत होतं. त्यांनी बानूकडं बघितलं, आपल्या हाताकडं बघितलं, अन् तोंड मिटून घेतलं.

"सांगा ना, आजोबा. कुणाची जागा?"

"तुला डोळे न्हाईत का रे पोरा?" ओट्यावरून आत्याबाई म्हणाल्या. "उभी हाय की समोर. तिची."